चौथ्या पानावरचा कुष्ठरोगी

बाईंना विद्यालयात सगळे भिंगबाई म्हणायचे. पाठीमागे, अर्थातच, तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, घडवणारं ते विद्यालय. तिथे बाई एकतीस वर्षं एकच विषय शिकवत होत्या. मत्तय, मार्क आणि लूक ही बायबलातली येशूच्या चरित्राची तीन शुभवर्तमानं शेजारी शेजारी मांडायची आणि कोणी कोणाचं समोर ठेवून लिहिलं ते हुडकून काढायचं. मोठ्या कागदावर तीन रकाने पाडायचे. तिघांत सारखे शब्द तांबडे, दोघांत सारखे निळे, एकट्याचे हिरवे. पेन्सिलींना टोक बाई स्वतः ब्लेडने काढायच्या, आणि वर्गात कोणाची पेन्सिल बोथट दिसली की उत्तर बाजूलाच राहायचं, आधी त्याची बिनपाण्याने व्हायची.

त्यांचा आवडता धडा दमलेल्या नकल्याचा. दुसऱ्याचं समोर ठेवून लिहिणारा माणूस सुरुवातीला हुशारी करतो, चार गोष्टी बदलतो. पुढे तो दमतो, आपण काय बदललं ते विसरतो, आणि मूळ आहे तसं उतरवून मोकळा होतो. येशूच्या मुलखावर सत्ता असलेल्या हेरोदाला मार्क पहिल्यापासून राजा म्हणतो. मत्तयला ठाऊक, की हा कसला राजा, हा तर साधा मांडलिक. म्हणून तो सुरुवातीला मांडलिक लिहितो, आणि आठ वचनं पुढे गेला नाही तोच राजाला वाईट वाटलं असं लिहून बसतो. "पकडला की नाही बेट्याला?" असं म्हणून बाई टेबलावर टिचकी मारायच्या. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसायचा तो भक्तीचा नव्हता, हे काही वेगळं सांगायला नको.

हेच हत्यार त्या विद्यार्थ्यांवरही चालवायच्या. नक्कल केली म्हणून आजवर तिघांना त्यांनी घरी पाठवलं होतं. त्यातल्या एकाने सगळ्यांसमोर पाय धरले, तर बाई म्हणाल्या, "सोड, मोजे नवे आहेत." तो पुढे ट्रक चालवायला लागला. कोणीतरी ते बाईंच्या कानावर घातलं. "बरं झालं की," बाई म्हणाल्या, "दुसऱ्याच्याच रस्त्याने गेलं तरी तिथे कोणी हरकत घेत नाही." आणि शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले. हसावं लागायचं हो.

आता अशा ह्या बाईंच्या घरात एक पोर वाढली होती. मोठ्या बहिणीची मुलगी. घरात तिला चिंगी म्हणत. आई गेली तेव्हा चिंगी सात वर्षांची होती, आणि बाप वर्षाच्या आत दुसरा संसार मांडून मोकळा झाला. बाईंनी लग्न केलंच नव्हतं. त्या जाऊन भाचीला घेऊन आल्या. वाढवलं, शिकवलं, आजारपणं काढली. लाड मात्र केले नाहीत, कारण लाड कसे करतात ते त्यांना येतच नव्हतं. घरी मावशी आणि विद्यालयात मॅडम. फाटकातून आत पाऊल पडलं की चिंगीची जीभ आपोआप बदलायची.

चिंगीने त्याच विषयात प्रबंध लिहिला, मार्गदर्शक अर्थात मावशीच. पण भाचीला मदत केली असं कोणी म्हणायला नको, म्हणून पक्का प्रबंध बाईंनी न उघडताच तपासायला पाठवला होता. प्रबंध मान्य झाला की नव्या सत्रापासून तिला तिथेच शिकवायची नोकरी लागणार होती. प्राचार्यांपाशी बाईंनीच शब्द टाकला होता. "भाची म्हणून नाही," असं त्यांनी तीनदा बजावून सांगितलं, म्हणजे बघा.

आणि प्रबंध तपासणाऱ्या बाहेरच्या परीक्षकांचं पत्र आलं. प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणातली पाच पानं विद्यालयाच्या वार्षिक अंकातल्या मॅडमच्या लेखाशी जुळतात, कित्येक वाक्यं तर शब्दाला शब्द तीच आहेत, कृपया चौकशी व्हावी.

प्राचार्यांनी पत्र बाईंच्या हातात दिलं आणि खिडकीबाहेर पाहत उभे राहिले. बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ज्या घरचं अन्न खाल्लं त्याच घरात हात मारला कार्टीने! तशाच तरातरा घरी गेल्या.

चिंगी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. बाईंनी पत्र तिच्यासमोर आपटलं.

"हे काय आहे?"

चिंगीने वाचलं. हातातलं भांडं तिने सावकाश खाली ठेवलं.

"मावशी, ते प्रकरण माझं आहे. मी तुला वाचून दाखवलं होतं ना, तुझं डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा."

"तू माझी टिपणं वाचून दाखवत होतीस."

"टिपणंही वाचली आणि हेही वाचलं."

"आणि माझा लेख छापून आला, तू हातात धरून वाचलास, तेव्हा तुझी दातखिळी बसली होती का? मावशी, तू माझं चोरलंस, असं तेव्हा का नाही म्हणालीस?"

"मला वाईट वाटलं होतं. पण म्हटलं, तुझ्याच हाताखाली शिकले, तुझंच खाऊन वाढले, तुला काय विचारायचं? तू विसरली असशील."

"मी विसरत नाही."

चिंगीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज तसाच राहिला. "मग असं कर ना मावशी. तूच रकाने पाड. एका बाजूला तुझा लेख, एका बाजूला माझं प्रकरण. तुझ्याइतकं ह्यातलं कोणाला कळतं? जे निघेल ते मला मान्य. मी वर तोंड करून एक शब्द बोलणार नाही."

प्राचार्यांनाही तेच हवं होतं. ह्या कामाला दुसरं माणूसच नव्हतं त्यांच्याकडे. स्वतःच्या लेखाचा निवाडा स्वतः करायचा हे काही बरं दिसत नाही, असं एक-दोघं कुजबुजले. पण भिंगबाई आपल्या आईलासुद्धा सोडणार नाहीत, असं म्हणून गप्प बसले.

शनिवारी सकाळी बाई विद्यालयातल्या आपल्या खोलीत बसल्या. दार लोटलं, टेबल मोकळं केलं, मोठा कागद पसरला. ह्या वेळी रकाने दोनच. डावीकडे स्वतःचा लेख, उजवीकडे चिंगीचं प्रकरण. पेन्सिलींना टोकं काढली. पहिली दोन पानं सरसर झाली. सारखं, सारखं, सारखं. कागद तांबडा होत चालला तशी बाईंच्या मनात एक कडवट मजा येऊ लागली. चिंगीची वाक्यं जास्त नीटनेटकी होती, आणि नंतरचा माणूस आधीच्याचं घासूनपुसून घेतो, हे त्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही शिकवत. झालं तर मग.

लेखाच्या पहिल्याच पानावर बाईंनी लिहिलं होतं, "येथे दोनच उदाहरणे घेते." एक हेरोद, दुसरं येशूने पाच हजार माणसांना जेवू घातलं त्याचं. चिंगीकडे तीन होती. मधलं कुष्ठरोग्याचं. मत्तय आधी सांगतो, की येशूच्या मागे केवढी गर्दी चालली होती. मग कुष्ठरोगी बरा होतो आणि येशू त्याला म्हणतो, कोणाला सांगू नकोस. एवढ्या गर्दीसमोर? मार्कमध्ये तिथे गर्दी नाहीच. मत्तयने गर्दी घातली आणि घातल्याचं विसरला. उदाहरण छान होतं. चोर पदरची भर घालतोच, असं म्हणून बाईंनी ते हिरवं केलं.

चौथ्या पानावर पाच हजारांचं जेवण आलं. लूक त्या सगळ्यांना एका गावाजवळ नेतो, आणि लगेच शिष्य म्हणतात, आपण तर ओसाड जागी आहोत. मार्कमध्ये गाव नाहीच, ओसाड जागाच आहे. बाईंच्या लेखात त्याच्या खाली वाक्य होतं: "कुष्ठरोग्याच्या वेळी गर्दीचे जे झाले तेच येथे गावाचे झाले आहे."

पेन्सिल थांबली.

बाईंनी लेखाचं पहिलं पान काढलं. दुसरं काढलं, तिसरं काढलं. कुष्ठरोगी नव्हता. त्यांच्या लेखात कुठेच नव्हता. जो आत आलाच नाही त्याची आठवण त्या वाचकाला करून देत होत्या. उजवीकडे चिंगीच्या प्रकरणात तेच वाक्य आपल्या जागी नीट बसलं होतं, कारण तिच्याकडे कुष्ठरोगी दोन पानं आधी येऊन गेला होता.

छापायला जाण्याआधी तीनदा तपासला होता हा लेख. भिंगबाईंनी! 

मग ते सगळं आठवलं, आणि बाईंनी नको नको म्हटलं तरी आठवलं. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. पाच आठवडे डोळ्यांवर पट्टी. चिंगी रोज दुपारी खुर्ची ओढून बसायची आणि वाचायची. बाई पडून ऐकायच्या. एका दुपारी ती म्हणाली होती, "मावशी, आता वाचते ते माझं आहे हं, तुझं नाही. ऐक आणि खरं खरं सांग." आणि ऐकून झाल्यावर बाई म्हणाल्या होत्या, "वाईट नाही." पोरगी केवढी हरखली होती! तो आनंद बाईंना दिसला नव्हता, आवाजात ऐकू आला होता. पुढे पट्टी निघाल्यावर बाई लेखाला बसल्या, आणि कानांत मुरलेली ती वाक्यं आपलीच म्हणून कागदावर उतरली.

चोरी करायची म्हणून नव्हती केली, हे खरं. पण त्या तिघांतला तरी कोण चोरी करायची म्हणून करत होता? ट्रकवाला पाय धरून हेच तर सांगत होता, मॅडम, डोक्यात कुठून आलं कळलंच नाही. तेव्हा बाईंना मोजे दिसले होते.

बाई तासभर तशाच बसल्या. खरं बोलायचं तर काय करायचं ते सोपं होतं. प्राचार्यांची खोली शेजारीच होती, वीस पावलं. चूक माझी आहे, पोरीचं प्रकरण आधीचं, एवढंच म्हणायचं. मग लेख मागे घ्यावा लागला असता, आणि वार्षिकात तशी चौकट छापून आली असती. आणि मग शिक्षकांच्या खोलीत सगळे हसले असते, ह्या वेळी मनापासून. त्या विचाराने बाईंना दरदरून घाम फुटला. पोर तरुण आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं, तिचं कुठेही होईल. मी एकोणसाठीची, मी कुठे जाऊ? कुठेही होईल म्हणे! नक्कल सिद्ध झालेल्या माणसाला पाळकांचं कुठलंच विद्यालय उभं करत नाही, आणि तो नियम व्हावा म्हणून खटपट केली होती ती बाईंनीच.

त्यांनी कात्री घेतली, कागदाचा चौथ्या पानापासूनचा भाग कापला आणि बारीक तुकडे करून टोपलीत टाकला.

सोमवारी अकरा वाजता प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. लांब टेबलाच्या एका बाजूला प्राचार्य, बाहेरचे परीक्षक आणि बाई, आणि समोर एकटी चिंगी. परीक्षक म्हातारे होते, सारखे खोकायचे, पण नजर पक्की होती. बाईंनी कागद उलगडला आणि वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं. सारखेपणा एवढा, की योगायोग म्हणायची सोय नाही. उजवीकडचं जास्त घोटीव, म्हणजे नंतरचं. उजवीकडे एक उदाहरण जास्तीचं, म्हणजे पदरची भर. आवाज कुठे अडखळला नाही.

"मॅडम, चौथं पान राहिलं," चिंगी म्हणाली.

"त्याची गरज नाही."

"पण मॅडम, सगळं त्यातच आहे." तिने वार्षिक अंक उघडून ते वाक्य मोठ्याने वाचलं. मग मान वर करून मावशीकडे पाहिलं. तिला वाटलं, मावशीच्या नजरेतून सुटलं असेल. आता दिसेल आणि मावशी टेबलावर टिचकी मारील. अजून तिला असंच वाटत होतं बिचारीला.

परीक्षकांनी अंक आपल्याकडे ओढला. पानं पुढे-मागे केली. "हा कुष्ठरोगी तुमच्या लेखात आहे कुठे, मॅडम?"



"पहिल्या खर्ड्यात होता," बाई म्हणाल्या. "अंकात जागा कमी होती म्हणून काढला. हे एक वाक्य चुकून राहिलं. तो खर्डा घरी माझ्या कपाटात होता, आणि आमच्या कपाटाला कुलूप नसतं. हिने लेखावरून उतरवलं नाही, खर्ड्यावरून उतरवलं. म्हणून हिच्याकडे कुष्ठरोगी आहे."

परीक्षकांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर ते म्हणाले, "गंमत आहे. मत्तय आणि लूक दोघांनी एका हरवलेल्या कागदावरून घेतलं असं म्हणणारे लोक आहेत, आणि तुम्ही उभा जन्म त्यांची टर उडवत आलात. कागद दाखवा, मग बोला, असं म्हणायचात. मलाही म्हणालात एकदा, भर सभेत."

"तो कागद कोणी पाहिलेला नाही. हा मी पाहिलाय. मीच लिहिलाय."

प्राचार्यांचा जीव भांड्यात पडला. ते चिंगीकडे वळले. "तू पाहिला होतास तो खर्डा?"

"असा खर्डाच नाही."

"म्हणजे मॅडम खोटं बोलतात?"

 चिंगीचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने टेबलावर थोडं पुढे वाकून हळूच हाक मारली, "मावशी." त्या इमारतीत तोंडून हा शब्द जाण्याची तिची ही पहिलीच वेळ.

"मॅडम म्हण," बाई म्हणाल्या.

परीक्षकांनी मान खाली घातली. प्राचार्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, की लेख छापून आला तेव्हा ती गप्प का राहिली. चिंगी म्हणाली, "घरातलंच आहे असं वाटलं." "बघा, कबूलच करते आहे," प्राचार्य म्हणाले आणि लिहायला लागले. प्रबंध नामंजूर. शिकवण्याची नेमणूक रद्द. पाळकांच्या विद्यालयांच्या संघात सगळीकडे कळवावे. पाच मिनिटांत उरकलं सगळं. उठता उठता परीक्षक म्हणाले, "तो खर्डा फायलीला जोडा बुवा. त्याशिवाय मी सही करणार नाही."

"बुधवारी देते," बाई म्हणाल्या.

मंगळवारी दुपारी घरात चिंगी आतल्या खोलीत सामान भरत होती. एका शाळेच्या वसतिगृहात मुलींवर देखरेख करायचं काम तिने कसंबसं मिळवलं होतं, आणि पाचला तिची गाडी होती. बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलाशी बाई लिहीत होत्या. कपाटाच्या तळातून त्यांनी जुने, कडेने पिवळे पडलेले कागद काढले होते आणि शाईचं पेन धुऊन भरलं होतं. समोर चिंगीचा प्रबंध, तिसऱ्या प्रकरणावर उघडा. त्यात पाहायचं आणि ह्यात उतरवायचं. मधे मधे एखादा शब्द खोडायचा, वर दुसरा लिहायचा. खर्डा म्हटला की तेवढं हवंच. दोन पानं झाली होती, तिसरं अर्धं झालं होतं. हात भरून आला होता.

चिंगी पिशवी घेऊन बाहेर आली आणि उभी राहिली. प्रबंध लपवायला बाईंना वेळच मिळाला नाही. मग त्यांनी लपवला नाहीच.

चिंगी रडेल, ओरडेल, कागद फाडेल असं बाईंना वाटलं. खरं म्हणजे त्यांना ते हवं होतं. ती ओरडली असती तर त्यांनाही ओरडता आलं असतं. पण चिंगीने पिशवी खाली ठेवली, टेबलाशी आली, आणि वर्गात विद्यार्थ्याच्या मागे उभं राहून पाहावं तसं वाकून पाहिलं. मग तिने तिसऱ्या पानावर एका जागी बोट ठेवलं.

"हे आठवा केलंस."

"काय?"

"कुष्ठरोग्याचा अध्याय. मत्तय आठवा. तो आठवाच आहे, पण मी प्रबंधात चुकून नववा लिहिलंय. तू लिहिता लिहिता दुरुस्त केलंस."

बाईंनी प्रबंधात पाहिलं. नववा होतं. हाताला सवय, तो बरोबर तेच लिहून गेला होता.

"ते परीक्षक बारीक बघतात," चिंगी म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता, त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. "खर्ड्यात आठवा आणि माझ्यात नववा दिसलं तर म्हणतील, पोरीने आपलं आपणच लिहिलंय, म्हणून चूकही तिची स्वतःची आहे. दोन्हीकडे तीच चूक असली की मग नक्कल पक्की. मग कोणी काही बोलणार नाही. नववा कर. आणि आकडा खोडू नकोस, पान नव्याने लिही."

 बाईंनी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि तोंडाशी आलेलंही होतं. पण ते बोललं तर बुधवारी प्राचार्यांकडे रिकाम्या हाताने जावं लागणार होतं.

"किल्ली ठेवून जा," त्या म्हणाल्या.

चिंगीने किल्ली प्रबंधावर ठेवली, पिशवी उचलली आणि दार ओढून घेतलं. जिन्यावर तिची पावलं बराच वेळ ऐकू येत होती. पिशवी जड होती. मग बाईंनी किल्ली बाजूला सरकवली, तिसरं पान फाडलं, नवा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून लिहायला लागल्या. कुष्ठरोग्यापाशी आल्यावर त्यांनी प्रबंधात पुन्हा एकदा पाहून घेतलं आणि नववा लिहिलं.